आजोबांच्या रायफलीला भोक पाडू नका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी तसंच ठेवलंय.

कुडाळकडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला होता. त्याच्या आजोबांची एक जुनी शिकारी रायफल आहे. माउझर पद्धतीचा बोल्ट, अक्रोडाचा दस्ता, नळीवर लंडनच्या एका बंदूकवाल्याचं नाव, बोअर .२७५. आजोबा वारले. घरात आता कोणालाच ती ठेवायची नाही. प्रश्न दोन होते. एक, किती मिळतील? दोन, विकण्याआधी वर हलके माउंट लावून चांगला स्कोप बसवला तर भाव वाढेल का, आणि माउंट कुठले घ्यावेत?

मी आकडा सांगणार नाही. नळी आतून न बघता आकडा सांगणारा माणूस थापा मारतोय असं समजा. पण किंमत ठरते कशी हे शोधायला बसलो, आणि त्यातून आपल्या जिल्ह्याचा, देशाचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास बाहेर आला. म्हणून हा भाग.

दोन दिवसांची पायपीट, तीन राज्यं

आपण आज 'सिंधुदुर्ग' म्हणतो तो जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याच्या आधीचा नकाशा बघा. मालवण आणि वेंगुर्ला १८१२ पासून इंग्रजांकडे. सावंतवाडी, कुडाळ, बांदा हा भाग सावंतवाडी संस्थानाचा, १९४८ पर्यंत. आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की पोर्तुगीज, थेट १९६१ पर्यंत. दोन दिवस चालत गेलं तर माणूस तीन वेगवेगळ्या राजवटींतून जायचा.

बंदूक या मुलखाला नवी नव्हती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा तिथे बंदुका घडवणारे कसबी कारागीर आधीपासून होते. अल्बुकर्कने त्यांच्या कामाची तुलना युरोपातल्या नामांकित बंदूकवाल्यांशी केली होती. वातीच्या बंदुकीची जी घडण पुढे जपानपर्यंत पोचली, तिचं नातं अभ्यासक गोव्याच्या कारखान्यांशी जोडतात. म्हणजे आपल्या शेजारच्या गावातली लोहारकी एकेकाळी जगाच्या बाजारात होती.

मग हत्यार ही परवान्याची गोष्ट कधी झाली? १८४४-४५ मध्ये कोल्हापूर आणि सावंतवाडी भागात बंड झालं. आपल्याकडे फोंड सावंत तांबूळकर, आणि मनोहर-मनसंतोष गडांचा आसरा. इंग्रजांनी फौज आणली, गड घेतले, बंडवाले गोव्याच्या हद्दीत गेले. पुढे १८५७ च्या उठावानंतर तर सरकारला प्रत्येक घरातली बंदूक डोळ्यात खुपायला लागली. आधी तात्पुरते कायदे झाले, आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात पक्का शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला सूट. काँग्रेस सुरुवातीच्या काळापासून या कायद्याविरुद्ध ठराव करत होती. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण अहिंसेवाल्या गांधीजींनीसुद्धा १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या पत्रकात, अख्ख्या राष्ट्राला नि:शस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत धरला होता.

सगळीकडे सारखंच झालं असंही नाही. कोडगूमधल्या कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून मिळालेली सूट आजही चालू आहे, २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. पश्चिम घाट तोच, रानडुक्कर तेच, पण तिथल्या घरातली बंदूक आणि आपल्याकडची बंदूक यांच्यामागे वेगळा कागद आहे.

.२७५ हा आकडा आला कुठून?

आता रायफलीकडे या. जुन्या शिकारी रायफलींचे बोअर बघितले तर डोकं गरगरतं. .२७५, .३१५, .४६५, .४७०. इतके विचित्र आकडे कशाला?

त्यातला एक मोठा भाग भारतामुळे आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने भारतात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. कारण साधं होतं. जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफली त्याच मापाच्या होत्या, आणि त्या सरहद्दीवरच्या बऱ्याच लोकांच्या हातात पोचल्या होत्या. शिकाऱ्याच्या काडतुसातली गोळी तिकडे वापरली जाईल ही भीती. मग लंडनच्या कंपन्यांनी काय केलं? थोडी मोठी मापं काढली. .४६५ आणि .४७० त्यातूनच पुढे आले. आफ्रिकेत हत्ती मारायला जगभर नावाजलेलं .४७० हे काडतूस जन्माला आलं ते भारतातल्या एका सरकारी आदेशामुळे.

.३०३ चं तसंच. ते फौजेचं माप, म्हणून साध्या नागरिकाला मनाई. मग नागरिकांसाठी .३१५ आलं. मुळात हे ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं काडतूस. आपल्या आयुध कारखान्यांनी पुढे याच मापाच्या रायफली बनवल्या, आणि आजही गावात कोणाकडे 'रायफल' आहे म्हटलं की बऱ्याचदा ती .३१५ असते.

आणि श्रोत्याची .२७५? ते म्हणजे जर्मन ७ बाय ५७ मिलिमीटरचं माउझर काडतूस. लंडनच्या रिग्बी कंपनीने त्याला इंग्रजी नाव दिलं. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध रायफल याच बोअरची. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर १९०७ मध्ये त्यांना ती भेट मिळाली, दस्त्यावर चांदीची पट्टी लावून. शंभरेक वर्षांनी रिग्बी कंपनीनेच ती परत विकत घेतली. तशाच बनावटीची दुसरी रायफल त्या किमतीला जाणार नाही. फरक फक्त त्या पट्टीचा आणि तिच्यामागच्या गोष्टीचा आहे. ही गोष्ट डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

किंमत कायदा ठरवतो

मी कामाला सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुनी सिस्टीम समजून घ्यायची तर आम्ही आधी बघतो की कुठल्या वर्षी कोणता बदल झाला. बंदुकीच्या बाजारालाही तसंच वाचता येतं. चार बदल बघा.

पहिला, १९५९ चा शस्त्र कायदा, लागू झाला १९६२ मध्ये. यात एक कलम आपल्या कोकणी शेतकऱ्याच्या अगदी जवळचं आहे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत आतल्या नळीची बंदूक, यांना कायद्यात वेगळी, सोपी वाट दिली आहे. रायफलीला ती नाही. रायफल म्हणजे नळीत आतून पीळ असलेली, गोळीला गिरकी देणारी. तिचा परवाना जास्त अवघड, म्हणून गिऱ्हाईक कमी.

दुसरा, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. सुरुवातीला काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने मिळायचे. १९९१ च्या दुरुस्तीने तीही दारं बंद झाली. आज पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबतही वन खात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. म्हणजे शिकारी रायफल ज्या कामासाठी बनली, ते कामच गेलं.

तिसरा, १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची आयात साध्या नागरिकांसाठी बंद झाली. नावाजलेल्या नेमबाजांना सवलत राहिली. इथे गंमत होते. काम गेलं म्हणून भाव पडायला हवा होता, पण नवा माल येणंच थांबल्यामुळे देशात आधीपासून असलेल्या चांगल्या विलायती बंदुकांचा भाव चढला. जगात जी बंदूक मधल्या दर्जाची समजली जाते, ती आपल्याकडे दुर्मीळ झाली.

चौथा, एका परवानाधारकाकडे किती हत्यारं? १९८३ च्या दुरुस्तीने कमाल तीन, २०१९ च्या दुरुस्तीने कमाल दोन. ज्या घरांत वारशाने तीन होती, त्यांना एक काढावी लागली. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत तो आता कितीही हौशी असला तरी तुमची तिसरी घेऊ शकत नाही.

आता बेरीज करा. पुरवठा गोठलेला, गिऱ्हाईक मोजकं, वापर जवळजवळ शून्य. म्हणून किंमत लाकूड-लोखंडापेक्षा या प्रश्नांवर ठरते: बोअर बंदी नसलेला आहे का? काडतुसं मिळतात का? .३१५ आणि .३०-०६ ची काडतुसं देशात बनतात. .२७५ च्या मालकाला जुन्या आयात साठ्यावर किंवा नशिबावर अवलंबून राहावं लागतं. उत्तम कारागिरीची .२७५ आणि साधी देशी .३१५ शेजारी ठेवली, तर वापरणारा दुसरी उचलतो आणि संग्राहक पहिली. तुमचं गिऱ्हाईक यातलं कोण, हे आधी ठरवा.

हातात घेऊन काय बघतात

जाणकार माणूस आधी नळीच्या आत बघतो. जुन्या काडतुसांच्या केपमध्ये असे क्षार असायचे की बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुतली नाही तर आतून गंज धरायचा. त्यात आपली खारी हवा. बाहेरून चकचकीत आणि आतून खड्डे, अशा नळ्या किनाऱ्यावर बऱ्याच.

मग बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का. मग चाचणीचे शिक्के. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी सरकारमान्य चाचणीघरात जास्त दाबाने उडवून बघायचे आणि शिक्का मारायचे. 'नायट्रो प्रूफ' असा शिक्का नसेल तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली असू शकते, आणि तिच्यात आजचं काडतूस घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग दस्ता. मनगटापाशी, जिथे हात धरतो तिथे, चीर आहे का. मग नळीवरचं नाव. बनवणाऱ्याचं नाव वेगळं आणि विकणाऱ्याचं वेगळं असू शकतं. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअरची इमारत अजून उभी आहे, तिथून विकलेल्या बंदुकांवर त्यांचं नाव असायचं. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा या दुकानांचं तसंच. जुन्या लंडन कंपन्यांच्या वह्या शिल्लक असतील तर नंबरावरून ती कोणासाठी, कोणत्या मापाने बनवली हे कळू शकतं.

आणि शेवटी, मूळ रूपात काही फेरफार झालेत का. इथे आपण स्कोपवर येतो.

हलके माउंट: गणित करून बघू

समजा ३.५ किलोची रायफल, गोळी ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८२० मीटर. गोळी पुढे जाते तेवढाच संवेग रायफल मागे घेते. नुसत्या गोळीचा हिशोब धरला तरी रायफल सेकंदाला साधारण २.७ मीटर वेगाने मागे येते, आणि हे सगळं घडतं गोळी नळीत असताना, सुमारे १.२ मिलिसेकंदात. वर ४०० ग्रॅमचा स्कोप असेल तर त्यालाही तेवढ्याच वेळात तोच वेग द्यायचा. सरासरी बळ ९०० न्यूटन येतं, म्हणजे ९० किलोचा माणूस चार बारीक स्क्रूंवर लटकावा तसं. ७०० ग्रॅमचा स्कोप घेतला की तेच दीडशे किलोच्या वर जातं. म्हणून माउंट हलका घ्यायच्या आधी स्कोप हलका घ्यायचा.

माउंटचं वजन बघा. स्टीलची घनता ७.८५, अॅल्युमिनियमची २.७. स्टीलचे बेस आणि रिंगा मिळून २०० ग्रॅम असतील तर त्याच आकाराचे अॅल्युमिनियमचे साधारण ७० ग्रॅम. वाचले १३० ग्रॅम. बेस आणि खालची रिंग एकाच तुकड्यातून कापलेले माउंट त्यातल्या त्यात चांगले, कारण एक सांधा कमी, म्हणजे सैल व्हायची एक जागा कमी.

पण मालवणच्या हवेत एक अडचण आहे. स्टील आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओलावा, की बारीकशी बॅटरी तयार होते. त्यात अॅल्युमिनियम झिजतं. किनाऱ्यावरच्या घरात अॅल्युमिनियमच्या खिडकीला लोखंडी स्क्रूभोवती पांढरी भुकटी येते, तीच ही. आपले ट्रॉलरवाले तळाला जस्ताच्या पट्ट्या लावतात त्या याच कारणासाठी, झिजायचं ते जस्ताने झिजावं आणि पोलाद वाचावं. माउंटवर अॅनोडायझिंगचा थर असतो, पण रिंग बसवताना ओरखडा गेला की त्या जागी सुरुवात होते.

आता मुख्य मुद्दा. हलका माउंट ही कल्पना आली कुठून? दिवसभर डोंगर चढून शिकारीमागे जाणाऱ्या माणसाकडून. त्याला खांद्यावरचा प्रत्येक ग्रॅम जाणवतो. आपल्याकडे शिकार बंद आहे. रायफल कायदेशीरपणे उडणार ती रेंजवर, आणि तिथे वजन जास्त असलेलं बरं, धक्का कमी बसतो, हात स्थिर राहतो. १३० ग्रॅम वाचवून आपण कोणाला मदत करतोय?

शिवाय जुन्या माउझरवर स्कोप नुसता ठेवता येत नाही. सरळ दांड्याचा बोल्ट वर उचलला की स्कोपला आपटतो, म्हणून दांडा वाकवायचा. मागचा उभा सेफ्टीचा खटका आडवा येतो, तो बदलायचा. आणि बेससाठी बॉडीच्या माथ्यावर भोकं पाडून आटे काढायचे. जर्मन कारागीर नखांसारख्या आकड्यांचे, काढता-घालता येणारे माउंट बनवायचे, पण तेही त्याच रायफलीसाठी हाताने जुळवलेले. संग्राहकाच्या नजरेत ती नवी भोकं म्हणजे जुन्या देवळाच्या दगडी खांबाला ड्रिल मारून ट्यूबलाइट लावल्यासारखं. भोक बुजवता येतं, पण पाडलंच नव्हतं असं करता येत नाही. वर हे कामही परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यावं लागतं.

तेव्हा श्रोत्याला माझं उत्तर: माउंट नको, स्कोप नको. भाव वाढणार नाही, पडेल.

ठासणीचं काय?

रायफलीच्या मागे लागून एक गोष्ट विसरायला नको. आपल्या जिल्ह्यात खरी बंदूक म्हणजे ठासणीची. वरून दारू, मग चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, गजाने ठासायचं, केप लावायची, बार काढायचा. माझ्या आजोळी मामांकडे अशी एक आहे. बाजारात तिला फार कोणी विचारणार नाही. पण काजू धरल्यावर माकडं आणि भात पोटरीत आल्यावर डुकरं येतात, तेव्हा मामांच्या मते घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. तेही मारायला नाही, आवाज काढायला. २००२ मध्ये दोडामार्गात कर्नाटकातून हत्ती आले, तेव्हापासून तिकडच्या लोकांना कळलंय की त्या आवाजालाही मर्यादा आहेत.

निवडणूक आली की बंदुका जमा करायचे आदेश निघतात, आणि कधीकधी ते नेमके पिकाच्या दिवसांत येतात. यावर वाद कोर्टात गेले आहेत. मुंबई उच्च न्यायालयासमोरच्या एका प्रकरणानंतर, सरसकट सगळ्यांकडून जमा न करता प्रत्येक परवानाधारकाची छाननी व्हावी, ही भूमिका निवडणूक आयोगाच्या सूचनांत आली. १८७८ मध्ये सुरू झालेला 'हत्यार कोणाकडे असावं' हा प्रश्न आजही तहसील कचेरीच्या रांगेत उभा आहे. मामा त्या रांगेत असतात, हातात बंदूक आणि मनात बागेतली माकडं.

मग करायचं काय?

श्रोत्यासाठी, आणि ज्यांच्या घरात माळ्यावर असं काही आहे त्या सगळ्यांसाठी, क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी कागद. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. अशी बंदूक घरात ठेवणं बेकायदा. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. 'दहावं-बारावं होऊ दे, मग बघू' असं करत वर्ष घालवू नका. जमा ठेवायचीही मुदत असते, ती संपली की हत्यार सरकारजमा होऊ शकतं. जमा करण्याआधी नळीला तेलाचा हात फिरवा. दमट खोलीत दोन पावसाळे काढले तर संग्राहक तिला हात लावणार नाही.

परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. वारसांच्या बाबतीत काय करायचं हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून 'किती देणार' असं तर मुळीच विचारू नका.

किंमत दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांना दाखवून काढा, आणि त्यातला एक तरी जुन्या विलायती बंदुका ओळखणारा असू दे. रायफल शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावस्तूंचा १९७२ चा कायदाही लक्षात ठेवा, ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

आणि एक काम आज रात्रीच करा. नंबर, शिक्के, नळीवरचं नाव यांचे स्पष्ट फोटो काढा. मग आजीजवळ बसा. रायफल कोणाकडून घेतली, कधी, कुठल्या साहेबाची होती का, जुनी पावती कुठल्या ट्रंकेत आहे, हे विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. कॉर्बेटच्या रायफलीवरची चांदीची पट्टी आठवते ना? तुमच्या रायफलीवर तशी पट्टी नाही. ती गोष्ट फक्त आजीकडे आहे, आणि ती नंतर कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.